दुसऱ्याच थडग्यावरचं गवत

ब्रिस्बेन
१८ ऑगस्ट १९९६

मोराक पोरी,

बाहेर पडताना किल्ली अजून कुंडीखालीच ठेवतेस ना? आजच काढ. ती जागा सगळ्या बामगोलला माहीत आहे, पोस्टमनला तर माझ्याही आधी माहीत होती. मिठाच्या रांजणामागे ठेवत जा. आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणांची झाकणं ऊन असलं की उघडायची, ढग आले की लावायची. चार वर्षं माझ्या घरात राहतेस तरी सांगावं लागतं, कारण तू आभाळाकडे बघतेस ती फोटो काढायला.

मी बरी आहे. मिरानचं बाळंतपण नीट पार पडलं. मुलगी झाली, आणि आजोबांचं नाक घेऊन आली बिचारी. एकवीस दिवस मी मिरानला समुद्री शेवाळाचं सूप पाजलं. बाविसाव्या दिवशी लेक म्हणाली, "आई, आता मला कल्ले फुटतील." जावई लोकांच्या घरांत फरशा बसवतो, संध्याकाळी सिमेंटचा होऊन येतो. खातो भरपूर, बोलतो कमी. चांगला आहे.

देश मात्र उलटा आहे. ऑगस्टात थंडी! आणि तो काळापांढरा पक्षी, आपल्याकडे सकाळी अंगणात ओरडला की पाहुणा येणार म्हणून आपण खूश होतो, तसाच दिसणारा इथं झाडावर बसतो आणि माणसाच्या डोक्यावर झेप घेतो. मला दोनदा टोचला. मी आता भाजी आणायला डोक्यावर पातेलं घालून जाते. लोक बघतात. बघू देत.

आता कामाचं. छुसॉकचा, पूर्वजांना पुजायचा सण या वर्षी २७ सप्टेंबरला आहे. त्याच्या आत ह्यांच्या थडग्यावरचं गवत कापलं गेलं पाहिजे. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, अकरा वर्षं मी कापते. मला मुलगा नाही, म्हणून कापायचं काम खरं पुतण्याचं, सांगछोलचं. पण त्याची कंबर दर वर्षी बरोब्बर सप्टेंबरात धरते. सणाच्या सकाळी तो बुसानहून मोटारीनं येतो, बायकोला आणतो, थडग्यापुढे वाकतो, पेअर खातो आणि जातो. गेल्या वर्षी म्हणाला, "काकू, तुमचं वय झालं, काकांना इथून उचलून बुसानच्या दफनभूमीत नेऊ. तिथं गवत कापायला माणसं असतात." मी म्हटलं, मी मेल्यावर ने. पण घरातला पुरुष तोच, शब्द त्याचाच चालणार. या वर्षी येऊन त्यानं थडगं गवतात बुडालेलं पाहिलं, की झालं. पुढच्या वसंतात हे बुसानला, एका नंबराच्या पाटीखाली. ती जागा ह्यांनी स्वतः निवडली होती गं. तिथून नदी दिसते.

फोन मी निघताना बंद करून आले, उगाच भाडं कशाला म्हणून. आता हात चोळत बसले आहे. गावात कुणाला सांगू नकोस. गिरणीवाल्या मेंगआजोबांना सांगितलं तर ते करतील, पण संध्याकाळपर्यंत अख्खं गाव म्हणेल, यॉम गाप्सुननं नवऱ्याला वाऱ्यावर सोडलं. तू कुणाची कुणी नाहीस, म्हणून तुला सांगते.

नीट वाच. गिरणीमागून पायवाट वर जाते. चेस्टनटची बाग संपली की वाटेला दोन फाटे फुटतात. उजवा धर. वर एक पाइन आहे, बुंध्यातून दोन फांद्या फुटलेला. त्याच्या डाव्या हाताला ह्यांचा उंचवटा. दगड नाही, पाटी नाही. गवत कापून झालं की तांदळाची दारू आधी बाजूला डोंगरासाठी ओत, मग ह्यांच्यापुढे एक वाटी ठेव, सुका मासा ठेव, दोनदा पूर्ण वाक. आणि सांग: नात झाली, नाव सोल्ही ठेवलं, बायको नोव्हेंबरात परत येते आहे. इथं मला मजा वाटते आहे हे सांगू नकोस.

तुझी घरमालकीण
यॉम गाप्सुन


बामगोल, हादोंग
२९ ऑगस्ट १९९६

मावशींना वाकून नमस्कार,

किल्ली रांजणामागे ठेवली. पोस्टमननं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "जागा बदलली का?"

मावशी, काम करते. आनंदानं करते. फक्त एवढं लक्षात घ्या की न्यूझीलंडमध्ये आमच्या घरी गवत मेंढ्या कापतात. आम्ही मेंढ्यांची लोकर कापतो. विळा मी आयुष्यात धरला नव्हता. म्हणून शनिवारी हादोंगच्या बाजारात गेले. बसमध्ये शेजारच्या बाईनं नेहमीप्रमाणे वय विचारलं, मग लग्न विचारलं, मग सत्ताविसाव्या वर्षी लग्न नाही म्हटल्यावर मला अर्धा भोपळा दिला. लोहार म्हणाला, "कशाला हवा विळा?" मी म्हटलं, शाळेच्या आवारासाठी. मग मी डावरी आहे हे बघून त्यानं आतून एक डावा विळा काढला, त्याच्यावर नऊ वर्षांची धूळ. म्हणाला, याची मालकीण येणार हे मला माहीत होतं. तसं तो सगळ्यांनाच म्हणत असणार, पण मला बरं वाटलं.

मागच्या आठवड्यात मोठं वादळ झालं. तुमच्या दोन रांजणांची झाकणं उडाली, पण मी वेळेवर धावले, रांजण आत पाणी न जाता वाचले. धावताना मी तुमच्या मिरचीच्या वाफ्यावर पडले. मिरच्या वाचल्या नाहीत.

शाळेत सगळं ठीक. मुख्याध्यापकांनी नवा करार पुढे केला आहे, अजून दोन वर्षांचा. आई घरून लिहिते, आता पुरे झालं, परत ये. मी दोघांनाही "विचार करते" असं सांगितलं आहे. इथं राहून मला हे एक छान शिकता आलं, नाही न म्हणता नाही म्हणायचं. फक्त या वेळी मला नाही कुणाला म्हणायचं आहे तेच ठरत नाही.

रविवारी, ८ तारखेला डोंगरावर जाते. कुणाला कळणार नाही.

तुमची
मोराग (तुमच्या तोंडी मोराक)


ब्रिस्बेन
७ सप्टेंबर १९९६

मोराक,

माझ्या मिरच्या! तू पडायला दुसरी जागा नव्हती? मुळ्यावर पडायचं होतं.

बरं, झालं ते झालं. मिरच्यांवरून आठवलं, इथं शेजारी एक ग्रीक म्हातारी राहते, काळे कपडे घालते, नवरा गेलेला. तिनं कुंपणावरून मला पिशवीभर मिरच्या दिल्या. मी तिला मुळ्याचं लोणचं दिलं. तिनं खाल्लं, रडली, आणि अजून मागितलं. आम्हाला एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, पण रोज तासभर बोलतो. ती तिच्या सुनेबद्दल बोलते हे मला नक्की कळतं.

हे पत्र पोचेपर्यंत तू गवत कापलंही असशील. लांब बाह्यांचा शर्ट घातलास ना? जमिनीत गांधीलमाश्यांची पोळी असतात. काठी आपटत जायचं असतं. हे मी पहिल्या पत्रात लिहायला विसरले. विसरले म्हणून मला चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

करारावर सही कर किंवा नको करूस, तुझं तू बघ. आईचं मन मोडू नये. घरमालकिणीचंही मोडू नये.

गाप्सुन


बामगोल
९ सप्टेंबर १९९६

मावशी,

झालं! काम झालं! आणि नुसतं झालं नाही, असं झालं की तुम्ही बघितलंत तर मला भाड्यात नाही पण निदान लोणच्यात सूट द्याल.

पहाटे निघाले. दूर कुठल्या कुठल्या डोंगरांत गवत कापायच्या यंत्रांची घरघर सुरू झाली होती, सगळ्या खोऱ्यात सगळ्यांचेच पूर्वज त्या दिवशी हजामतीला बसलेले. चेस्टनटची बाग ओलांडली. तुम्ही म्हणालात तो उजवा फाटा मला दिसलाच नाही, वादळानं दरड खाली आली आहे. एकच वाट उरली होती, ती धरली. वर पाइन होता. तुम्ही दोन फांद्यांचा म्हणाला होतात, याला एकच होती. म्हटलं, दुसरी वादळात गेली असेल. डाव्या हाताला उंचवटा. आणि मावशी, रागावू नका, पण तुम्ही गेल्या वर्षी नीट कापलं नव्हतंत. गवत माझ्या छातीपर्यंत. अकेशियाची झाडं मनगटाएवढी जाड! मला परत खाली येऊन तुमची करवत न्यावी लागली. दोन फेऱ्या, नऊ तास. उंचवट्याचा एक भाग खचला होता, तिथं मी खालून माती आणून भरली आणि हातांनी थापली.

दुपारी गांधीलमाश्यांनी तीन ठिकाणी चावलं. काही नाही, थोडीशी सूज. (दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. डावा डोळा मंगळवारपर्यंत उघडेल असं डॉक्टर म्हणाले.) शाळेत सांगितलं, दारावर आपटले.

मग दारू ओतली, आधी डोंगराला, मग काकांना. मासा ठेवला. दोनदा वाकले. आणि सगळं सांगितलं. नात झाली, सोल्ही नाव ठेवलं, नाक तुमचंच आलं आहे म्हणून माफी मागितली. मावशी डोक्यावर पातेलं घालून भाजीला जातात हेही सांगितलं. सांगछोल तुम्हाला बुसानला न्यायचं म्हणतोय, पण काळजी करू नका, आम्ही आहोत, असं सांगितलं. मजा वाटतेय हे सांगितलं नाही. पण मला वाटतं त्यांना कळलं असावं.

मग तिथंच बसून सुक्या माशाचा उरलेला तुकडा खाल्ला. खाली आमच्या शाळेचं निळं छप्पर दिसत होतं. इतकं शांत वाटलं की मी अर्धा तास हललेच नाही. मला माझ्या आजोबांचं थडगं कुठं आहे तेसुद्धा धड माहीत नाही, मावशी. आमच्याकडे कुणी जात नाही.

सार्वजनिक न्हाणीघरात अंग घासणाऱ्या बाईनं तळहातांवरचे फोड बघून विचारलं. मी म्हटलं, बॅडमिंटन. तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं.

मोराग


ब्रिस्बेन
१८ सप्टेंबर १९९६
तातडीच्या टपालानं

मोराक!

आधी डोळ्याचं सांग. उघडला का? थोडीशी सूज म्हणे.

आता ऐक, आणि खाली बस. तू कापलंस ते ह्यांचं थडगं नाही.

शाळेचं छप्पर दिसलं म्हणतेस. ह्यांच्याजवळून छप्पर दिसत नाही, नदी दिसते, नदी! मी लिहिलं होतं की नाही? आणि मनगटाएवढी अकेशिया? मी अकरा वर्षं त्या थडग्यावर माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्त मेहनत घेतली आहे, आणि तू म्हणतेस मी नीट कापलं नव्हतं! दुसरी फांदी वादळात गेली असेल म्हणे! पाइनची फांदी म्हणजे काय दातांची कवळी आहे, कधी असेल कधी नसेल? तुझं पत्र मिरानला वाचून दाखवत होते. शाळेच्या छपराशी आले आणि माझा आवाजच बसला. मिरान इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. मग मीही हसले. मग रडले. मग परत तुझ्यावर चिडले. आत्ता चिडलेलीच आहे.

दरड कोसळली तिथून उजवीकडे, दगडांवरून चढून जा. हातभर चढ आहे, मग जुनी वाट लागते. दोन फांद्यांचा पाइन. दोन. मोज. डावीकडे ह्यांचा उंचवटा, समोर नदी. नदी दिसल्याशिवाय विळ्याला हात लावू नकोस.

हे पत्र तुला सणाच्या आत मिळालं तर देवाची कृपा. नाही मिळालं तर सांगछोल येईल, बघेल, आणि मला दोष द्यायला त्याला जन्मभराचं निमित्त मिळेल. तुझी चूक नाही. चूक आहे, पण मी तुला दोष देत नाही. नऊ तास! कुण्या परक्यासाठी! आणि माझ्या घरातली सगळी बातमी त्या माणसाला देऊन आलीस!

गाप्सुन


बामगोल
२८ सप्टेंबर १९९६

मावशी,

डोळा उघडला. तुमचं पत्र बुधवारी, २५ तारखेला संध्याकाळी मिळालं. पोस्टमननं तातडीचं म्हणून दारात उभं राहून हातात दिलं, आणि मी वाचताना तोंड बघत तिथंच उभा राहिला. म्हणाला, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, अकरा वर्षांपूर्वीच गेलेत."

मला इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. गुरुवारी शाळेला सुट्टी होती. पहाटे निघाले. दरडीच्या दगडांवरून चढले, वाट सापडली, पाइन सापडला. दोन फांद्या. मोजल्या. आणि मावशी, नदी! खरंच, तिथं गेल्यावर दुसरं काही बघवतच नाही. खाली वाळूचा पांढरा पट्टा आणि पाणी असं वळतं, की मला सगळं समजलं, तुम्ही काकांना बुसानला का जाऊ देत नाही ते.

गवत जेमतेम गुडघाभर. तुम्ही फार नीट ठेवलं आहे. माफ करा. दुपारच्या आत कापून झालं. दारू, मासा, दोनदा वाकले. सगळी बातमी पुन्हा सांगितली. "उशीर झाला, आधी दुसरीकडे गेले होते" असंही सांगितलं.

पण काल, सणाच्या सकाळी, मला राहवेना. पाइनच्या सुया पडून घाण झाली असेल म्हणून झाडू घेऊन वर गेले. झाडत होते तोच सांगछोल आणि त्यांची बायको समोर. पळायला जागा नाही, पुढे नदी. ते मला बघून म्हणाले, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "मावशींची भाडेकरू." "गवत कुणी कापलं?" "मी." ते थडग्याभोवती फिरून बघू लागले. त्यांची बायको मात्र बोलली, आणि मावशी, तिच्यात तुमचा अंश आहे. म्हणाली, "बघा! पृथ्वीच्या त्या टोकाची बाई येऊन तुमच्या काकांचं गवत कापते, आणि तुमची कंबर!" मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "यांची कंबर गोल्फला बरी असते."

ते वाकले, आम्ही तिघांनी पेअर खाल्लं. मोटारीकडे जाताना ते थांबून म्हणाले, "काकूंना कळवा, काकांना कुठं हलवत नाही. पुढच्या वर्षी मीच कापीन." बायको म्हणाली, "कागदावर लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं नाही, पण मान इतकी खाली घातली की मला खात्री आहे. मावशी, काका तिथंच राहणार. मी खाली येताना सगळ्या वाटेवर एकटीच गात होते.

आता दुसरी गोष्ट. गिरणीपाशी मेंगआजोबा बसले होते. त्यांनी मला हाक मारून बसवलं. मला वाटलं, झालं, गावाला कळलं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. म्हणाले, "शाळेच्या बाजूचं थडगं तू कापलंस ना? करवतीचा आवाज मी ऐकला." मी हो म्हटलं. मग म्हणाले, उत्तर-दक्षिण युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात एक माणूस या वाटेनं आला होता, उत्तरेकडचा, एकटा, आजारी. गिरणीच्या दारात त्यानं पाणी मागितलं. बोलण्यावरून कळलं तो ह्वांगहे प्रांतातला. गावाचं नाव येनान सांगितलं, स्वतःचं सांगायच्या आत गेला. मेंगआजोबांनी आणि त्यांच्या वडिलांनी त्याला तिथं पुरलं. गुडघे चांगले होते तोवर आजोबा कधीमधी तिथं विळा फिरवायचे. बारा वर्षांत कुणी फिरकलं नाही.

आणि मग म्हणाले, "तुझी घरमालकीणही येनानचीच. मला वाटलंच होतं, एक दिवस ती त्याच्याकडे बघेल."

मावशी, मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी तुम्हाला हादोंगच्याच समजत होते. तुम्ही रागावताही अगदी हादोंगच्या भाषेत. मेंगआजोबांना वाटतंय की तुम्ही मला तिकडून पत्र लिहून त्याचं गवत कापायला सांगितलंत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला खरं सांगवलं नाही. मी नुसती मान हलवली, ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाही कळलं नाही. पण खोटा मान तुमच्या नावावर मी ठेवू शकत नाही. सांगा, काय सांगू त्यांना?

मोराग


ब्रिस्बेन
१६ ऑक्टोबर १९९६

मोराक पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ग्रीक म्हातारीच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते. सांगछोलची गोष्ट वाचली आणि मोठ्यानं "शाब्बास" म्हणाले. तिलाही काय झालं ते न कळता आनंद झाला, तिनं माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले. हे तिथंच राहणार. माझ्या छातीवरचा केवढा धोंडा उतरला, तुला कसं सांगू? सांगछोलच्या बायकोला मी इतकी वर्षं तोंडाळ म्हणत आले, आता तिला जन्मभर काही म्हणणार नाही.

मग मी पुढचं पान वाचलं, आणि लसूण तसाच ठेवून घरी आले. त्याला आज आठ दिवस झाले. पत्राला उत्तर द्यायला मला कधी एवढा वेळ लागत नाही.

मी येनानची. एकोणीस वर्षांची होते. आई म्हणाली, भावाबरोबर होडीनं पुढे जा, गडबड निवली की ये. मी एक गाठोडं घेतलं, मागं वळूनही बघितलं नाही, कारण परत यायचंच होतं. भाऊ वाटेत गेला, आणि मागं सीमा कायमची बंद झाली. मी धुणीभांडी करत करत दक्षिणेला आले आणि चार वर्षांनी ह्यांच्याशी लग्न करून बामगोलला. पहिल्याच दिवशी सासूनं मला गिरणीपाशी उभं करून सांगितलं: तिकडं तुमच्याकडचा एक पडलाय. त्या बाजूला बघायचं नाही, आणि तोंड उघडून तसलं बोलायचं नाही. आपल्या घराकडे लोक बोट दाखवतील. तेव्हा दिवसच तसे होते, उत्तरेचा म्हटलं की पोलीस दारात. मी एका वर्षात बोलणं बदललं. तू म्हणतेस मी रागावतेही हादोंगच्या भाषेत. पोरी, मी स्वप्नंसुद्धा त्याच भाषेत बघायला शिकले.

आणि त्या माणसाकडे मी कधीच गेले नाही. एक्केचाळीस वर्षं. आधी भीती होती. मग भीती गेली, पण सवय राहिली. ह्यांचं गवत कापायला जाताना त्या फाट्यापाशी मी दर वर्षी मान उजवीकडे वळवायची आणि चालायला लागायची. हे मला एकदा म्हणाले होते, "तुझ्या गावचा आहे, एक वाटी ओतून येऊ." मी चार दिवस बोलले नाही त्यांच्याशी. माझ्यासारखी घाबरट बाई तुला शोधून सापडायची नाही, आणि तू मला वाघीण समजतेस.

आईचं काय झालं मला माहीत नाही. जिवंत असती तर ब्याण्णव वर्षांची झाली असती. नसेलच. तिला कुठं ठेवलंय, डोंगरावर की खड्ड्यात, कुणी ठेवलं, तिच्यावर गवत किती वाढलंय, काही काही माहीत नाही. मिरानला मी हे कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ती बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तिकडंही कुणीतरी वाट चुकलं असेल." मी खूप रडले, मोराक. बरं वाटलं रडून.

तुझ्यावर मी चिडले होते की माझ्या घरातल्या बातम्या तू त्याला दिल्यास. त्या माणसाला पंचेचाळीस वर्षांत कुणी घरची बातमी सांगितली नसेल. माझ्या घरची का होईना, मिळाली त्याला. नात झाली म्हणून ऐकलं त्यानं.

मी ३ नोव्हेंबरला निघते. ग्रीक म्हातारीनं मला मिरचीचं बी दिलं आहे, तुझ्या त्या वाफ्यात पेरू. आता कुणी काहीही म्हणो, मी त्या बाजूला जाणार, दिवसाढवळ्या, मेंगआजोबांच्या देखत. एका वाटीत मावणार नाही एवढं बोलायचं आहे त्याच्याशी, आणि मी येनानच्या भाषेत बोलणार आहे, विसरले नसेन तर.

तू करारावर सही केलीस की नाही ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. फक्त आल्यावर घर रिकामं असलं तर मला आवडणार नाही, एवढं सांगून ठेवते.

आणि मेंगआजोबांकडे आजच जा. हे पत्र वाचून झालं की लगेच. त्यांना सांग, यॉम गाप्सुननंच कापायला सांगितलं होतं. चुकून कापलं असं कुणालाही म्हणायचं नाही.

गाप्सुन